उजवी काच, तीन मिलिमीटर खाली

दादा,

तुमच्या एका पत्राचं खरं उत्तर द्यायचं राहून गेलंय. मी पुण्याला वसतिगृहात असताना तुम्ही पाठवलेलं ते निळं अंतर्देशीय. ‘माझ्या हातून चूक झाली,’ असं त्यात तुम्ही लिहिलं होतं. मी उत्तर पाठवलं, नाही असं नाही. पण प्रॅक्टिकल कधी आहेत, मेसची आमटी किती पातळ असते, असलंच काहीबाही लिहून मुद्द्याला बगल दिली. चूक तुमच्या हातून झाली नव्हती, माझ्या हातून झाली होती, हे एक वाक्य मी तेव्हा लिहिलं नाही आणि पुढे तुम्ही होता तोवर बोललेही नाही. वडिलांना दादा म्हणणारी, दुकानात तुमच्या शेजारी बसून वाढलेली तुमची एकुलती एक मुलगी, आणि तिला हे एक वाक्य जमलं नाही. तुम्हाला जाऊन आता अठरा वर्षं होतील. आज लिहायला बसलेय म्हणजे वरातीमागून घोडं आहे, हे मलाही कळतं.

मी सध्या महाडलाच असते. पुण्याची कंपनी घरून काम करू देते, म्हणून दुकानाच्या वरच्या खोलीत टेबल मांडलंय. खाली दुकान बंदच. माझं काम नेमकं काय, हे तुम्हाला मी कधी नीट सांगितलं नाही आणि तुम्ही येईल त्याला सांगत सुटायचात, ‘बाय आमची कंप्युटरात भिंगं बनवते.’ ते फारसं चूक नव्हतं. कारखान्यात माल तपासणारे कॅमेरे असतात, त्यांची भिंगं आधी सॉफ्टवेअरमध्ये रचायची. काच किती बाकदार, किती जाड, कुठल्या जातीची, हे एकेका ओळीत भरायचं आणि मग एक किरण सोडायचा. तो पहिल्या काचेला कुठे लागतो, तिथे किती वाकतो, दुसरीवर कुठे पोचतो, असं शेवटपर्यंत त्याच्या मागे जायचं. एक झाला की दुसरा, असे हजारो. शेवटी सगळे एका ठिपक्यात येतात की सांडलेल्या फुटाण्यांसारखे विखुरतात, ते बघायचं. काचेचा बाक कुठल्या अंगाला हे अधिक-उणे चिन्हाने सांगावं लागतं. नवीन असताना मी एक चिन्ह उलटं भरलं आणि सगळे किरण वाऱ्याने छत्री उलटी व्हावी तसे बाहेर पळाले. सगळे हसले. मला मात्र तुमची आठवण आली. तुम्ही काच खिडकीच्या गजांसमोर धरून नुसती हलवायचात. गज उलट्या दिशेला सरकले तर अधिक नंबर, सोबत सरकले तर उणे. पाव नंबरापर्यंत सांगायचात, आणि तोंडात सुपारी असायची.

दिवसभर माझं बोलणं होतं ते कानाला लावलेल्या यंत्रातून, लांबच्या माणसांशी, तेही काचांबद्दल. संध्याकाळी यंत्र काढलं की घरात पंख्याचा आवाज तेवढा उरतो. वाटीभर भात लावते, तो दोन वेळा पुरतो. एकटेपणाची तक्रार करायला मला आवडत नाही, स्वभाव तुमचाच आहे. पण खरं सांगायचं तर परवा गॅसवाल्याला मी उगाचच दहा मिनिटं बोलत उभं केलं.

दुकान होतं तसंच अरुंद आहे. खालचे खण रिकामे, महत्त्वाचं सगळं माळ्यावर. सावित्री नदीच्या पुराची सवय घराने सोडलेली नाही. दाराच्या चौकटीतले ते दोन खिळेही आहेत. त्यांना तुम्ही पांढरी दोरी आडवी ताणून बांधायचात. चष्मा तयार झाला की गिऱ्हाइकाला आतल्या स्टुलावर बसवून ती दोरी बघायला लावायची, हा तुमचा नियम. दोरी सरळ दिसते का, एकच दिसते का, कडेला वाकते का. त्यावाचून चष्मा दुकानाबाहेर जात नसे. दोरी बांधलेली असली की आत येणाऱ्याला कमरेत वाकून यावं लागे आणि शेजारचा कापडवाला म्हणायचा, ‘चष्मेवाल्यापुढे सगळ्या महाडाचा मुजरा!’ एकदा एक शिक्षक वैतागले, ‘अहो, डॉक्टरांनी नंबर लिहून दिलाय ना? कागदाप्रमाणे करा की.’ तुम्ही त्यांच्या कानामागे काडी बसवत शांतपणे म्हणालात, ‘गुरुजी, कागदाला डोळे नसतात.’ मी तिथेच बसून अभ्यास करत होते. मला तेव्हा तुमचा अभिमान वाटला की शिक्षकांसमोर लाज वाटली, हे आज आठवत नाही.

आई गेली तेव्हा मी सहावीत होते. त्यानंतर शाळा सुटली की मी दुकानात. बाकीच्या मुली भाकरी थापायला शिकत होत्या त्या वयात तुम्ही मला ओल्या दगडी चाकावर काचेची कड घासायला शिकवलीत. वरून थेंब थेंब पाणी, बोटांना गारवा, आणि काच चाकाला नीट टेकली की येणारा तो बारीक सूर. एकदा मला मैत्रिणीकडे जायचं होतं म्हणून मी काच दाबून धरली आणि तिचा टवका उडाला. तुम्ही चाक थांबवलंत. ‘घाई असली तर काचेला हात लावू नको. काच दुसरी मिळंल, डोळा नाय मिळायचा.’ आवाज चढला नव्हता, पण त्या संध्याकाळी मी जेवले नाही.

आता त्या आजीचं सांगते. मार्चमध्ये चवदार तळ्यावर माणसं लोटायची, तेव्हा तुम्ही दुकान बंद ठेवून तळ्याच्या वाटेवर सतरंजी टाकून बसायचात. पांढरा सदरा, पुढ्यात बारीक स्क्रूड्रायव्हर, नाकाच्या गाद्या, तारेचे तुकडे. लांबून आलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांचे खिळखिळे चष्मे तिथल्या तिथे फुकट नीट करून द्यायचे, ही तुमची त्या दिवसाची वंदना. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा तुडील गावची एक आजी तिथे तुमच्यासमोर येऊन बसली. शिबिरात दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढलेले, त्यावर भिंगासारखा जाड चष्मा. मी त्या वेळी पुण्यात होते; हे सगळं तुम्ही मला फार नंतर सांगितलंत. ती म्हणाली, ‘चष्मा धड हाय रे बाबा, पन मला समदं दोन दिसतं. सून पन दोन दिसते. हितं एक झेपत नाय!’ तुम्ही तिला दुकानात आणलंत, दोरीसमोर बसवलंत. तिला दोन दोऱ्या दिसत होत्या, एक वर, एक खाली. उजव्या डोळ्यापुढे सुटी काच धरून तुम्ही ती केसाकेसाने खाली सरकवत गेलात आणि आजी ओरडली, ‘थांब, थांब! झाली एक.’ तुम्ही वहीत लिहून ठेवलंत: उजवी काच, तीन मिलिमीटर खाली. जाड काच कापताना फुटते, म्हणून मुंबईहून मागवताना एक जादा मागवलीत. त्या यायला दोन महिने गेले.

तोवर मी सुट्टीला घरी आले होते, आणि सुट्टी संपतही आली होती. तुम्ही आठवड्यातून एकदा पोलादपूरला एसटी स्टँडजवळ बसायचात, त्या दिवशी तिकडे गेला होता. आजीचा चष्मा तयार होऊन टेबलावर होता, सोबत शिबिराच्या डॉक्टरांचा कागद. मला भिंगांच्या पेपरात वर्गात सगळ्यांत जास्त गुण पडले होते. नुसतंच म्हणून मी तो चष्मा गजांसमोर धरला, दोन्ही काचांचा मध्य शोधून शाईचे ठिपके दिले. डावीचा ठिपका बुबुळासमोर. उजवीचा तीन मिलिमीटर खाली घसरलेला. कागदावर तसलं काही नव्हतं. तुमची वही दोन हातांवर, खणात होती. ती मी उघडली नाही. माझ्या डोळ्यांपुढे आलं ते एवढंच की गेल्या काही दिवसांत तुम्ही पेपर हात लांब करून वाचता, सुईत दोरा मला ओवायला सांगता. चाळिशी तर सगळ्यांनाच लागते. पण मला वाटलं, दादांची नजर गेली, आणि ते त्यांना कळलेलं नाही. मला रडू आलं होतं, हे तुम्हाला कधी कळावं असं वाटायचं. तुम्हाला सांगून दुखवायचं नाही, गुपचूप सुधारून ठेवायचं, असं ठरवून मी ती जादा काच घेतली. दुपारपर्यंत चाकावर बसले. घाई केली नाही, दादा, अजिबात नाही. इतकी सुंदर काच मी पुन्हा कधी घासली नाही. तिचा मध्य बरोबर बुबुळासमोर आणला, ती फ्रेममध्ये बसवली आणि तुमची काच वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर फुटक्या काचांच्या डब्यात टाकली.

आजी दुसऱ्या दिवशी यायची होती. पण दुपारीच तिचा मुलगा एकटा आला. टेम्पो चालवायचा. ‘उद्या कशेडीचा घाट उतरून खेडला माल न्यायचा हाय, परत कदी येनं होईल सांगता येत नाय. चष्मा देऊन टाक गो.’ दोरी दाखवायचा नियम मला तोंडपाठ होता. पण मी स्वतः मोजलेली काच, तिला आणखी दोरी कशाला? मी चष्मा दिला. तुम्ही पोलादपूरहून आलात, तेव्हा तो मुलगा घेऊन गेला एवढं सांगितलं. जादा काच दिसेना तेव्हा म्हटलं, सराव करताना माझ्या हातून फुटली. तुम्ही लगेच विचारलंत, ‘बोट नाय ना कापलं?’ दुसऱ्या दिवशी मी पुण्याला गेले.

पुढचं तुमच्या पत्रातून कळलं. आजी नवा चष्मा लावून नदीच्या पायऱ्या उतरत होती. तिला पायऱ्या दोन दिसल्या आणि तिने नसलेल्या पायरीवर पाय ठेवला. खुबा मोडला. नंतर पाच वर्षं ती जगली, पण आधाराशिवाय उभी राहिली नाही. तुम्ही तुडीलला जाऊन तिच्या पायाशी बसलात, चष्मा मागून घेतलात, घरी आणून मोजलात. पत्रात लिहिलंत: ‘उजवी काच खाली घ्यायची असं वहीत आहे. मी ती घेतली असं मला पक्कं आठवतं. पण काच मधोमध आहे. काच खोटं बोलत नाही, म्हणजे माझी आठवण खोटी. तू नुसता उचलून दिलास, तुला बोल नाही. काच मी बसवली.’ ते पत्र मी वसतिगृहाच्या गच्चीवर वाचलं, वाळत घातलेल्या चादरींच्या आड बसून. त्याच संध्याकाळी मेसच्या आमटीबद्दलचं ते उत्तर लिहिलं.

दिवाळीला घरी आले तर चाकावर गोणपाट टाकलेलं. तुम्ही काचा बसवायला मुंबईला पाठवू लागला होता, तिथून एसटीने पार्सल यायचं. पोलादपूरला बसणं बंद. मार्चमध्ये तळ्याच्या वाटेवर सतरंजी मात्र टाकायचात. मी एकदा सोबत बसले होते. कुणीतरी निखळलेली काच पुढे करून म्हणालं, ‘एवढी बसवून द्या.’ तुम्ही हात मागे घेतलात. ‘स्क्रू आवळून देतो. काचेला हात लावत नाय मी आता.’ मी तुमच्या शेजारी होते. मला बोलता आलं असतं. सुरुवातीला तुम्हाला काय वाटेल म्हणून बोलले नाही, मग मला काय वाटेल म्हणून, आणि मग इतका उशीर झाला की उशिराचंच कारण देता येईना. एकदाच धीर केला होता. तुम्ही स्वयंपाकघरात सुकटीची चटणी परतत होता, मी कांदा चिरत होते. ‘दादा, त्या आजीच्या काचेचं…’ एवढंच म्हटलं. तुम्ही झारा न थांबवता म्हणालात, ‘नको ती गोष्ट, बाय.’ मी कांदा चिरत राहिले. खरं तर सुटल्यासारखं वाटलं, आणि डोळ्यांतलं पाणी कांद्यावर ढकललं.

या उन्हाळ्यात माळा आवरायला काढला. डबा सापडला, डब्यात ती काच, वर्तमानपत्र पिवळं पडलेलं, माझा शाईचा ठिपका जागेवर. खणात तुमची वही. मग मला राहवेना. कंपनीचं सॉफ्टवेअर घरच्या कामाला वापरत नाहीत, म्हणून तीन रविवार बसून मी स्वतःच लहानसं लिहिलं. काचेचा बाक मोजला, जाडी मोजली. आजीचे दोन डोळे मांडले. उजवा किंचित वर चढलेला, तुमच्या वहीतल्या आकृतीत होता तसा. या सॉफ्टवेअरांची एक पक्की समजूत असते, की सगळ्या काचा एका सरळ रेषेवर बसलेल्या आहेत. काच रेषेवरून सरकली तर तो दोष. तो किती खपवून घ्यायचा हे तपासायला एक वेगळा रकाना असतो. वीसेक वर्षं मी त्या रकान्यात दोषच भरत आले. त्या दिवशी पहिल्यांदा त्यात उपाय भरला. आधी शून्य, म्हणजे माझी काच: उजव्या डोळ्याची दोरी डाव्या डोळ्याच्या दोरीखाली लोंबत राहिली. मग दोन. मग चार, ती वर गेली. मग तीन. दोन्ही डोळ्यांचे किरण एकाच दोरीला जाऊन मिळाले. बोटांनी काच सरकवत तुम्ही जिथे थांबला होता, तिथेच गणितही थांबलं. तुमची आठवण खरी होती. हातही बरोबर होता. मी टेबलावर डोकं टेकून मोठ्याने रडले. ऐकायला कुणी नव्हतं.

हे तुम्हाला सांगायला पत्ता नाही. पण ज्याला सांगता येईल असं एक माणूस अजून आहे, म्हणून गेल्या रविवारी मी तुडीलला गेले. पिशवीत लॅपटॉप, रुमालात तुमची काच. आजीचा मुलगा पडवीत खुर्ची टाकून बसला होता. टेम्पो विकला, केस पिकले. मला बघून म्हणाला, ‘चष्मेवाल्यांची पोर ना गो तू?’ त्याने आत हाक मारली, बायकोने चहा आणला. हीच ती, आजीला दोन दिसायची ती सून. दोघांनी मला इतक्या मायेने बसवलं की माझा हात पिशवीकडे जाईना. मग त्यानेच विषय काढला. ‘आयेनं शेवटपावतर तुझ्या बापाला नावं ठेवली नाय. म्हनायची, मानूस सोन्यासारका, पन हात चुकला बिचाऱ्याचा. म्हातारपनी व्हतं तसं. आमी काय मनात धरलं नाय गो. वयच झालं व्हतं त्यांचं, नाय का?’

तो माझ्याकडे बघत थांबला होता. काच रुमालात, रुमाल माझ्या मांडीवरच्या पिशवीत.

‘हो,’ मी म्हणाले, ‘वय झालं होतं.’

दादा, तेव्हा तुम्ही सत्तेचाळीस वर्षांचे होता. मी आज एकोणपन्नासची आहे.